जावेचं पित्ताशय

माझ्या मोठ्या जावेचं पित्ताशय चांगलं आहे. एवढं एक वाक्य सिद्ध करायला मला ज्या-ज्या माणसांशी भांडावं लागलं, त्या सगळ्यांचा राग अजून माझ्या डोक्यात आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

मी सुरतेत एका नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माहेर सुरतेतलंच, वडील बँकेत होते. सासर खानदेशातलं, पण दोन पिढ्यांपासून इथे स्थिरावलेलं. आम्ही नवरा-बायको अडाजणला फ्लॅटमध्ये राहतो. सासूबाई, मोठे दीर, जाऊ आणि त्यांचा कामाला लागलेला मुलगा असे बमरोलीला राहतात. दीर कापडाच्या लूम्सवर रातपाळी करतात, मुलगा दिवसपाळी. म्हणजे सकाळी त्या घरातून एक पुरुष डबा घेऊन बाहेर पडतो, तेवढ्यात दुसरा भुकेला आत येतो, आणि दोघांसाठी ओट्याशी एकच बाई उभी असते. तिला मी ताई म्हणते.

ताई कधी जेवते, हा प्रश्न लग्नानंतर कितीतरी वर्षं मला पडला नव्हता, कारण ती जेवताना दिसायचीच नाही. मुलाचा डबा, मग दिरांचं ताट, ते जेवून झोपले की सासूबाईंचं खाणं, मग पाणी, धुणं, भांडी. त्यानंतर साड्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढून ती धागे कापायला बसते. ते काम गल्लीतल्या सगळ्याच बायका करतात. दुपार टळली की मग कधीतरी ती ओट्याशी उभी राहूनच गार भाकरी आणि तळाशी उरलेली शेवभाजी खाणार. वर तर्री तेवढी उरलेली असते, कारण बाकीचे शेव उचलून घेतात. हा झाला साधा वार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी या दिवशी तेही नाही.

आणि त्या एका जेवणानंतर तिला दुखायचं. उजवीकडे बरगडीखाली, तिथून मागे खांद्याच्या पात्यापर्यंत. पोळपाट पोटाशी घट्ट धरून ती भिंतीला टेकून बसायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "काही नही वं, गॅस शे." गल्लीतल्या डॉक्टरांनीही गॅसच्याच गोळ्या दिल्या. घरातल्या सगळ्यांना हे निदान फार आवडलं, कारण गॅस झालेल्या माणसासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

सासूबाईंचा उपाय ठरलेला. लंघन. "खादं की दुखस, मंग खासच कसाले?" असं त्या म्हणायच्या. खाल्लं की दुखतं, म्हणून खाऊ नको. ऐकायला किती सरळ! दुखून गेलं की दुसऱ्या दिवशी ताई पाण्यावर राहायची. दुखणं वाढलं तेव्हा तिने शनिवारही धरला. देवाचा म्हणून एक उपास, पोटाला आराम म्हणून दुसरा. मी ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं, कारण त्याच आठवड्यात मी वर्गात नेमकं याच्या उलट शिकवत होते.

वर्गात मी फळ्यावर एक पेरूएवढी पिशवी काढते. यकृतात पित्त सतत तयार होत असतं. आपण जेवलेले नसतो तेव्हा ते या पिशवीत साठतं आणि तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन दाट होत जातं. पिशवीच्या भिंतीत स्नायू असतो, पण तो दंडाच्या स्नायूसारखा आपल्या हुकमात नसतो. तो निरोपाची वाट बघतो. जेवणातलं तूप-तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथल्या पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात, कोलेसिस्टोकायनिन. ते रक्ताबरोबर फिरत पित्ताशयाच्या स्नायूपेशीपाशी येतं आणि तिच्या पृष्ठभागावरच्या, निरोप झेलणाऱ्या खास ग्राहीला चिकटतं. ते आत जात नाही, बाहेरूनच काम करतं. ग्राही आपल्या आतल्या अंगाला टेकलेल्या ‘जी’ नावाच्या प्रथिनाला जागं करतो, ते प्रथिन एका विकराला, आणि तो विकर पेशीच्या पडद्यातल्याच एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतो. त्यातला एक तुकडा पडद्यापाशीच राहून वेगळा विकर चालू करतो, तोही आकुंचनाला हातभार लावतो. दुसरा आत पळतो आणि पेशीच्या कोठारात कोंडलेलं कॅल्शियम मोकळं करतो. कॅल्शियमला कॅल्मोड्युलिन भेटतं, दोघं मिळून आणखी एका विकराला कामाला लावतात, तो मायोसिनच्या तंतूवर फॉस्फेटचा टिळा लावतो, आणि मग कुठे तंतू तंतूवर सरकतो. एका पेशीत, दुसऱ्या पेशीत, सगळ्या भिंतीत. पिशवी आवळते आणि पित्त बाहेर पडतं.

मुली हे सगळं पाठ करतात आणि परीक्षेत बाणाला बाण जोडून लिहितात. मी दरवर्षी एक प्रश्न विचारते: या सगळ्याच्या आधी काय घडायला हवं? कुणी म्हणतं कॅल्शियम, कुणी म्हणतं संप्रेरक. मी सांगते, आधी त्या माणसाने जेवायला हवं. मुली हसतात. त्या वर्षी त्या हसल्या तेव्हा मी खडू टेबलावर आपटला. त्यांचा काही दोष नव्हता.

कारण न जेवणाऱ्या बाईच्या पोटात ही पिशवी नुसती भरून बसते. निरोप नाही, आवळणं नाही. पित्त दाट होतं, तळाशी गाळ साचतो, गाळाचे पुढे खडे होतात. आणि मग दिवसभराचा उपास झाल्यावर एकदम लाल तर्री पोटात गेली की तो सगळा निरोप एका दमात येतो, तुडुंब भरलेली पिशवी तो दाट गाळ अरुंद नळीतून ढकलायला जाते, आणि बाई पोळपाट पोटाशी धरते. यावर उपाय म्हणून आमच्या घरात तिला आणखी उपाशी ठेवत होते.

शेवटी मी तिला स्कूटरवर बसवून सोनोग्राफीला नेलं. खडा नव्हता. तळाशी थोडा गाळ होता. खडा नाही हे ऐकून घरात जो आनंद झाला, त्याची मला किळस आली. "बघ, काहीच नाही," असं माझा नवराही म्हणाला. मी म्हटलं, दुखतंय तिला, सुटकेचा निःश्वास तू कसला टाकतोस?

रिपोर्ट ज्यांना दाखवला ते सर्जन मात्र भले निघाले. वयस्कर गुजराती गृहस्थ. त्यांनी मला नीट समजावलं: पिशवी मुळात आवळते की नाही ते बघू. उपाशीपोटी एकदा सोनोग्राफी, मग भरपूर तुपाचं काहीतरी खायला द्यायचं आणि थोड्या वेळाने परत बघायचं. आवळत नसेल तर ती पिशवी निकामी, पुढे खडे करणारच, काढून टाकू. आवळत असेल तर काढायची घाई नाही. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं! आता गॅस की नाटक यावर कुणाला बोलायला जागा उरणार नव्हती. पडद्यावर दिसणार होतं.

उपासाचा वार नाही असं बघून मी नंबर लावला. सकाळी उठून रव्याचा शिरा केला, तूप हात न आखडता घातलं, आणि डबा भरून नेला. दीर रातपाळी सुटल्यावर घरी न जाता थेट तिकडेच आले. पहिली सोनोग्राफी झाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बेन, खावानुं लाव्या छो ने?" मी ‘आणलंय’ म्हणत डबा ताईच्या हातात दिला, सगळा संपवायचा म्हणून दटावलं, आणि तेवढ्यात वॉचमनने खालून हाक मारली की माझी स्कूटर गेटात आडवी आहे. ती काढून दुसरीकडे लावायला जागा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. परत आले तर डबा रिकामा, रुमालाने पुसून ठेवलेला. ताई भिंतीकडे बघत बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, शाबासकी दिली. शाबासकी!

दुसऱ्या सोनोग्राफीत पिशवी होती तेवढीच. डॉक्टरांनी दोनदा मापं घेतली. आकुंचन जवळजवळ नाही, असा रिपोर्ट आला. सर्जन म्हणाले, मग काढलेली बरी.

आणि काय सांगू, घर एकदम कामाला लागलं. जे घर तिच्यासाठी कधी हललं नव्हतं, ते ऑपरेशन म्हटल्यावर हललं. दिरांनी पाळी बदलून घ्यायचं जोडीदाराशी ठरवलं. माझी नणंद अमळनेरहून स्वयंपाकाला यायची ठरली. सासूबाईंनी स्वतः उठून माळ्यावरची गादी काढायला लावून उन्हात टाकली, ताईला आराम करायला म्हणून. गल्लीतल्या बायका येऊन बसू लागल्या. ताईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा थोडा रुबाब पाहिला.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी आम्ही बमरोलीला गेलो होतो. दिरांचं ताट वाढलं होतं. माणूस म्हणून ते चांगले आहेत, कुणावर आवाज चढवणार नाहीत. जेवता जेवता मला म्हणाले, "त्या दिनना शिरा भारी व्हता तुन्हा. तूप जरा जास्त व्हतं."

मी विचारलं, कुठला शिरा?

"दवाखानामा. ती म्हने, डागतरनी तिले थोडाच खावाले सांगेल शे."

ताई आमच्याकडे पाठ करून नळाशी भांडी घासत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी जाऊन नळ बंद केला. तू किती खाल्लास, असं मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "दोन घास खादात ना." आणि माझा चेहरा बघून पुढे, "त्या रातपाळीवरथून उपाशी उनथात. मी एकटी कशी खासू?"

मी भडकले. दवाखान्यात, तपासणीसाठी, औषध म्हणून दिलेलं खाणं. तिथेही तिने आधी नवऱ्याला वाढलं. आणि त्यांनीही ते निवांत खाल्लं, हिने काय खाल्लं असेल हा विचार डोक्यात न येता. त्या पिशवीला निरोप गेलाच नव्हता. ना तूप पोचलं, ना संप्रेरक सुटलं, ना कॅल्शियम हललं. मग पिशवी आवळणार तरी कशी? आणि त्या रिपोर्टवर आता तिला टेबलावर आडवी करून पोट उघडणार होते.

मी म्हटलं, तपासणी परत होईल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "आते कसाले? तारीख भी ठरी गई. काढी टाका ना." काढायचंच आहे तर काढून टाका. जणू परसातलं गवत. घरी येताना नवरा म्हणाला, सगळ्यांनी तयारी केलीय, तू डॉक्टर आहेस का? मी म्हटलं, डॉक्टर नाही, पण माझ्या जावेच्या पोटात काय गेलं आणि काय नाही एवढं मला कळतं. आम्ही उधना दरवाज्यापासून घरापर्यंत भांडलो आणि जेवताना पुन्हा भांडलो.

सर्जनना फोन केला तेव्हा मला वाटलं होतं तेही वैतागतील. ते हिंदीत म्हणाले, "तो फिर ये रिपोर्ट आपके जेठजी के पित्ताशय की है." मला हसू आलं नाही. पण त्यांनी ऑपरेशन लगेच पुढे ढकललं.

दुसऱ्या वेळी मी दिरांना घरीच झोपायला सांगितलं. स्कूटर लांब, नीट जागा बघून लावली. डबा उघडून ताईच्या मांडीवर ठेवला, झाकण माझ्या पर्समध्ये टाकलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, तू बी घे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, एक घास. मी म्हटलं, ताई, आज यातला कणही दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाणार नाही. ती खायला लागली. मान खाली, शिक्षा झाल्यासारखी. मध्येच थांबून दाराकडे बघायची, कुणी येतंय का. इतक्या वर्षांत तिला बसून जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घास फार छोटे घेते ती. शेवटी डब्याच्या कडेचं तूप बोटाने पुसून चाटलं आणि ओशाळली.

मग आम्ही वाट बघत बसलो. थोड्या वेळाने तिने बरगडीखाली हात ठेवला. दुखतंय का विचारलं. "जरासं," म्हणाली, "आवळस आसं वाटस." मी तिचा हात दाबून धरला.

पडद्यावर ती करडी पिशवी आधीच्या निम्म्याहून लहान झाली होती. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. इतकी वर्षं मी फळ्यावर बाण काढते, पण ते सगळे बाण एकामागून एक लागलेले मी प्रत्यक्ष तिथे पाहिले, माझ्या घरच्या बाईच्या पोटात. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याच वेळी कुणाला तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. धडधाकट पिशवी. तिचा एकही निरोप्या चुकलेला नव्हता. तिला कुणी काही दिलं नव्हतं, एवढंच.

सर्जन म्हणाले, काढायची गरज नाही. सकाळी वेळेवर जेवायचं, थोडं तूप असू द्या, मधे फार वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही, लंघन पूर्ण बंद. गाळ आपोआप कमी होण्याची शक्यता चांगली आहे. काही महिन्यांनी बघू.

ही आनंदाची बातमी घेऊन आम्ही बमरोलीला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे काहीच नव्हतं." नणंदेला येऊ नको म्हणून फोन गेला. दिरांनी पाळी बदलायचं रद्द केलं. गादी पुन्हा गुंडाळून माळ्यावर गेली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की उद्यापासून ताई आधी जेवेल, मुलाचा डबा भरायच्याही आधी. तिचं औषध तेच आहे.  मग दीर अगदी मनापासून म्हणाले, "खाय ना. कोन नही म्हनस?"

याच वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कोण नाही म्हणतंय. खरंच कुणी नाही म्हणत नाही. तिचं ताट मात्र कुणी वाढत नाही, ती जेवेपर्यंत कुणी थांबत नाही, डबा पाच मिनिटं उशिरा झाला तर चालेल असं कुणी म्हणत नाही. नकार दिला असता तर मी भांडले असते. यांनी परवानगी दिली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

निघताना ताई मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. म्हणाली, "आपरेशन व्हई जातं ते बरं व्हतं वं." मी चमकून विचारलं, का? "दवाखानामा माले ताट हातमा भेटतं," ती म्हणाली. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. सहज सांगितलं आणि माझ्या ओढणीला लागलेलं साडीचं सूत काढून टाकलं.

पोट फाडून घ्यायला हे घर तयार होतं. तिच्यासाठी सकाळी एक ताट आधी वाढायला तयार नव्हतं. आणि तीही नव्हती.

मग मी फोन धरला. रोज सकाळी वर्गावर जायच्या आधी स्टाफरूममधून तिला फोन करायचा. जेवलीस का? पहिल्या दिवशी म्हणाली, हो. मागे लाटण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. तेव्हापासून नियम केला: फोन ताटाशेजारी ठेवायचा, पोळीला तूप लावायचं, बसायचं आणि खायचं. मी ऐकणार. चावण्याचा आवाज आल्याशिवाय फोन ठेवणार नाही. स्टाफरूममधल्या बाकीच्या मला हसतात. हसू देत. कानाला फोन लावून मी पोळी चावण्याचा आवाज ऐकत बसते, आणि मनात एकेक बाण पुढे सरकवते. आता तूप खाली उतरेल, आता संप्रेरक सुटेल, आता कॅल्शियम.

परवा असाच फोन लावला होता. चावण्याचा आवाज अगदी जवळून येत होता, सावकाश, भरपूर घास घेतल्यासारखा. मला बरं वाटलं. आज चांगली भूक लागलेली दिसतेय, असं मी म्हणणार होते.

तेवढ्यात लांबून, गॅसच्या शेगडीपासून, ताईचा आवाज आला. "आखो एक वाढू का?"